पाहुणा आणि पाहणारा

दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो, हा प्रश्न ऐतिहासिक घरे पाहावयास जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना पडत असावा. लेणी, मंदिरे, घाट ही स्थळे मुळात अनेकांच्या पावलांसाठी घडवलेली असतात. तेथे गेल्याने आपण कोणाच्या खाजगी आयुष्यात ढवळाढवळ करतो असे वाटण्याचे कारण नसते. घराची गोष्ट निराळी आहे. भिंत घालून आणि दार लावून माणूस जगाचा काही भाग बाहेर ठेवतो, तेव्हाच निवाऱ्याचे घर होते. त्या दारामागे तो आजारी पडतो, कर्ज मोजतो, मुलांवर रागावतो, रात्री जागा राहतो. त्याने लोकांसाठी जे काही केले ते बहुधा घराबाहेर केले, आणि आपण मात्र त्याला समजून घेण्यासाठी त्याचा पलंग पाहावयास जातो.

व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. आपण तिकीट काढलेले असते. परंतु ते तिकीट देणारा घरधनी नसतो. एखादा न्यास, पुरातत्त्व खाते, नगरपालिका किंवा फार तर वंशज असतो. ज्याच्या शयनगृहात आपण उभे असतो त्याला कोणी विचारलेले नसते, आणि विचारता येण्याची वेळही टळून गेलेली असते. मृतांना खाजगीपणा उरत नाही असे कायदा म्हणू शकेल. नीतीला इतके सहज म्हणता येणार नाही, कारण मृतांची पत्रे वाचताना, त्यांच्या रोजनिशा छापताना आपण आजही थबकतो. मग त्यांच्या माजघरात शिरताना का थबकू नये?

आपल्या भाषेत ‘पाहुणा’ आणि ‘पाहणारा’ हे शब्द कानाला सख्खे वाटतात, परंतु त्यांचे कूळ वेगळे आहे. पाहुणा हा संस्कृतातील ‘प्राघूर्ण’ या शब्दापासून प्राकृतातून आलेला. पाहण्याशी त्याचा काही संबंध नाही. व्युत्पत्तीतून नीतिशास्त्र काढण्याची सवय वाईट असते हे मान्य करूनही हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पाहुणा येतो तो माणसाकडे. घर त्याला ओघाने दिसते. पाहणारा घराकडे येतो, माणूस नसतो म्हणूनच येतो. पाहुण्याला काही बंधने असतात. तो बाहेरून हाक देतो, पायताण काढतो, बसा म्हटल्यावर बसतो, आतल्या खोलीचा पडदा आपल्या हाताने सारत नाही. पाहणाऱ्याला एवढेच सांगितलेले असते की वस्तूंना हात लावू नये.

वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. पेशवाईच्या उत्तरार्धातील मातब्बर गृहस्थाचे घर कसे असे, हे समजून घेण्यास इतकी चांगली जागा थोडी. एकामागून एक चौक, भिंतींवरची चित्रे, मागे नदीवर उतरणारा घाट, आणि त्या घाटावर टांगलेली ती भली थोरली घंटा, जी १७३९च्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी एक. नानांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह येथलाच. ‘मेणवली दप्तर’ या नावाने इतिहासाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. येणाऱ्यांपैकी पुष्कळांची पहिली पृच्छा मात्र २००४च्या ‘स्वदेस’ चित्रपटातील अमुक प्रसंग कोठे चित्रित झाला, अशी असते. यात हसण्यासारखे असले तरी रागावण्यासारखे काही नाही. घाट जुना आहे. त्याने नाना पाहिले, चित्रपटाचा ताफाही पाहिला.

मेणवलीत काय किंवा पुण्या-साताऱ्याकडच्या कोणत्याही जुन्या वाड्यात काय, मला सर्वांत बोलका वाटतो तो त्याचा आराखडा. दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, ओसरी, सोपा, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, देवघर, एका कोपऱ्यात उजेड बेताचा असलेली बाळंतिणीची खोली, शेवटी परसू. हा केवळ खोल्यांचा क्रम नव्हे. कोणी कोठपर्यंत यावयाचे याचा तो लाकडात आणि विटांत लिहिलेला नियम आहे. कुळे देवडीशी थांबत, कारकून ओसरीवर बसत, सोयरा सोप्यावर येई, माजघरापर्यंत पोहोचणे म्हणजे आपलेपणाची पावती, आणि स्वयंपाकघरात सोवळ्याखेरीज घरच्यांनाही पाऊल टाकण्याची मुभा नसे. आजचा पाहणारा हे सगळे उंबरठे पंधरा मिनिटांत ओलांडतो. नानांच्या समकालीनांपैकी कितीजणांना हे घर असे आरपार पाहता आले असते? त्यांचे सगेसोयरे सोडले तर बहुधा कोणालाच नाही.

येथपर्यंत विचार करणाऱ्याला वाटेल की हा पाहणारा उद्धट आहे, आणि जुनी मर्यादा हाच सभ्यपणा होता. पण त्या आराखड्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. आतल्या माणसांचा आडोसा राखणे ही एक, आणि बाहेरच्या माणसाला त्याची पायरी दाखवणे ही दुसरी. दिंडी दरवाजापाशीही ज्याला उभे राहता येत नव्हते, ज्याची सावलीदेखील चौकात नको होती, त्याच्या दृष्टीने ही रचना सभ्यतेची म्हणता येणार नाही. त्याचा पणतू आज तिकीट काढून त्याच स्वयंपाकघरात उभा राहतो, तेव्हा तो कोणाचा खाजगीपणा मोडतो आहे असे म्हणण्यास जीभ रेटत नाही.

प्रेक्षणीय स्थळ पाहणे ही काही काळापूर्वी केवढी अवघड गोष्ट होती याची साक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात्मक टिपणांत दिली आहे. १९३४ साली चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. अस्पृश्य प्रवाशांना वाटेत जे सोसावे लागते ते टळावे म्हणून या सहलीची वाच्यता न करता जाण्याचे ठरले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून मंडळी थांबली. दरवाजाशी पाण्याने भरलेले एक लहानसे टाके होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्यांपैकी काहींनी तेथे हातपाय धुतले. इतक्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी टाके बाटवले. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. आपला धर्म हेच शिकवतो काय, आणि अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या टाक्याचे पाणी घेण्यास मज्जाव कराल काय, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा जमाव निरुत्तर झाला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही. आणि तसे होत नाही ना हे पाहण्यासाठी एक सशस्त्र शिपाई त्यांच्याबरोबर देण्यात आला.

पर्यटनाविषयी इतके लिहिले जाते, पण पाहणाऱ्याच्या अनुभवाचे याहून जळजळीत वर्णन माझ्या वाचनात नाही. त्या तीसजणांनी किल्ला पाहिला, तटबंदी पाहिली, खंदक पाहिला. मात्र पाहतानाच त्यांच्यावरही कोणी नजर ठेवून होते. किल्ला हा काही कोणाचा संसार नव्हे. तेथे राखण्यासारखा आडोसा कोणाचाच नव्हता. उरली होती ती नुसती पायरी. म्हणून तिकिटाला नावे ठेवताना जपले पाहिजे. आंधळेपणाने का होईना, ते एक गोष्ट करते: घेणाऱ्याची जात विचारत नाही. जुन्या वाड्याने हजार प्रकारे विचारलेला प्रश्न तिकिटाच्या खिडकीने विचारणे सोडून दिले, ही सामान्य गोष्ट नाही.

तर मग औचित्याचे काय? न्यायाने दार उघडले म्हणून मर्यादा संपली असे मानावे काय? मला तसे वाटत नाही, पण ही मर्यादा कोणाप्रती पाळावयाची याचा हिशेब नव्याने करावा लागेल. घराचा सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे आडोसा, आणि तो घरातल्या घरात कधीच सारखा वाटलेला नव्हता. घरधन्याला दार होते, कडी होती, दिवाणखाना होता, ‘आत आहेत’ असे सांगून परत पाठवणारा माणूस होता. घरातल्या विधवेला, कुळंबिणीला, बटकीला, पाणक्याला असा कोणता आडोसा होता? ज्यांना लपण्यास जागा नव्हती, त्यांच्या जागा आपण कशा पाहतो हा खरा कसोटीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक विलक्षण उदाहरण अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात आहे. थॉमस जेफर्सन यांचे माँटिसेलो हे घर १९२३मध्ये एका प्रतिष्ठानाने विकत घेतले आणि तेव्हापासून ते लोकांना दाखवले जाते. जेफर्सन हे सर्व मानव समान निर्माण झाले असे जाहीरनाम्यात लिहिणारे गृहस्थ, आणि आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलामांचे मालक. अध्यक्षपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांना नुसते पाहण्यासाठी अनोळखी माणसे घरी लोटत. आपले दालन त्यांच्या नजरेआड राहावे म्हणून त्यांनी झडपांचे सज्जे बांधून घेतले होते. आपल्या आडोशाविषयी इतका दक्ष असलेल्या या माणसाने भोजनगृहात फिरत्या फळ्यांचा दरवाजा बसवला होता. पलीकडून गुलामांनी त्यावर ताटे मांडायची, दरवाजा फिरवायचा, की अन्न आत येई. वाढणारे हात दिसू नयेत अशी ती सोय. मद्याच्या बाटल्या तळघरातून वर येण्यासाठी चुलाण्याच्या कडेला असाच एक पाळणा होता. वाटाड्ये हे यांत्रिक चातुर्य कौतुकाने दाखवीत आले, आणि पाहणाऱ्यांनीही ते कौतुकाने पाहिले.

त्याच घराच्या दक्षिणेकडील भागात एक खोली आहे. सॅली हेमिंग्ज ही गुलाम स्त्री तेथे राहत असावी असे अभ्यासक मानतात. १९९८च्या जनुकीय तपासणीनंतर, २०००मध्ये, तिची अपत्ये जेफर्सन यांचीच असण्याचा संभव फार मोठा आहे असा निष्कर्ष प्रतिष्ठानाने स्वतःच काढला. या खोलीत १९४१मध्ये पर्यटकांसाठी स्वच्छतागृह बांधण्यात आले होते. ते काढून, खालची जमीन उकरून, २०१८ साली ती खोली लोकांसाठी उघडण्यात आली. कित्येक दशके घरधन्याच्या निजण्याच्या जागेसमोर आवाज खाली आणून उभी राहिलेली माणसे तेथून निघून या खोलीत कशासाठी जात होती, याचा विचार मनात आला की पाहणाऱ्याच्या आदराविषयी वेगळे काही सांगण्याची गरज उरत नाही. त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते, हे खरे. पण ठाऊक नसण्याची व्यवस्था घरानेच केलेली होती, आणि घर दाखवणाऱ्यांनी ती पुढे चालवली.

आपल्याकडे शनिवारवाडा पाहा. १८२८च्या आगीनंतर राहण्याचे घर असे तेथे काही शिल्लक नाही. तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्यांच्या खुणा. तरीही येणाऱ्याला हवी असते ती ३० ऑगस्ट १७७३ची कथा, आणि ‘काका, मला वाचवा’ ही अमावास्येला ऐकू येते म्हणतात ती हाक. नारायणरावाच्या वयाची कीव सर्वांना येते, यावीही. त्या दिवशी त्याला वाचवण्यास आडवा पडलेला चाफाजी टिळेकर नावाचा सेवकही मारला गेला. त्याची हाक ऐकू येत असल्याचे मात्र कोणी सांगत नाही. भुतेदेखील मानकऱ्यांचीच असतात.

महात्मा गांधींच्या घरांची कथा याहून गुंतागुंतीची आहे, कारण त्यांना स्वतःचे असे घर ठेवावयाचेच नव्हते. मुंबईचे मणिभवन रेवाशंकर झवेरींचे, दिल्लीचे ते घर बिर्लांचे. दोन्हीकडे ते पाहुणे. आपण ‘गांधींचे घर’ म्हणून जेथे जातो तेथे आपण पाहुण्याकडचे पाहुणे असतो. स्वतःचा आडोसा त्यांनी जाणूनबुजून टाकला होता. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनाच्या आवारात स्फोट झाल्यावरही प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेण्यास त्यांनी नकार दिला. दहा दिवसांनी, ३० जानेवारीला, त्या उघड्या दारातूनच मारेकरी आला. १९७३पासून ही वास्तू लोकांसाठी खुली आहे, आणि त्यांच्या अखेरच्या पावलांच्या खुणा तेथे दगडात उमटवल्या आहेत. त्या खुणांच्या कडेने चालताना बहुतेकजण बोलणे थांबवतात. सूचनाफलकाने आणलेली शांतता आणि ही शांतता यांतला फरक कळण्यासारखा असतो.

परंतु स्वतःचे दार काढून टाकणाऱ्याला इतरांचेही दार काढण्याचा अधिकार असतो काय? गांधींनीच आत्मकथेत सांगितलेला प्रसंग आहे. दरबानच्या घरी त्यांचे कारकून राहत. खोल्यांत मोऱ्या नसल्याने प्रत्येक खोलीत लघवीचे भांडे असे. जन्माने पंचम असलेल्या एका ख्रिस्ती कारकुनाचे भांडे उचलणे कस्तुरबांना जड गेले. त्यांनी ते उचलले, पण रडत आणि रागाने; आणि ते हसतमुखाने का केले नाही म्हणून संतापलेल्या पतीने त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेले. या परदेशात मी जाऊ कोठे, असा बांचा प्रश्न होता. पाहुण्यासाठी उघडलेल्या घरातून गृहिणीच बाहेर काढली जात होती. तत्त्वतः बरोबर कोण, याविषयी मला शंका नाही. अस्पृश्यतेच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नसते. तरीही साबरमतीच्या हृदयकुंजात गांधींचा चरखा आणि लिहिण्याचे बैठे मेज पाहून झाल्यावर मला कस्तुरबांच्या लहानशा खोलीकडे अधिक वेळ पाहावेसे वाटते. तेथे पाहण्यासारख्या वस्तू जवळपास नाहीत. आडोसा टाकून देण्याचे थोरपण एकाच्या नावावर जमा झाले, आणि त्याची किंमत दोघांनी दिली, ही नोंद त्या रिकाम्या खोलीइतकी कोठेच स्पष्ट वाचता येत नाही.

रिकाम्या खोल्यांचे हे सामर्थ्य अ‍ॅम्स्टरडॅममध्ये एका पित्याने ओळखले होते. ॲन फ्रँकच्या कुटुंबासह आठजण जुलै १९४२पासून ४ ऑगस्ट १९४४पर्यंत ज्या मागच्या भागात लपून राहिले, त्याचे दार पुस्तकांच्या फिरत्या कपाटाआड होते. येथे आडोसा म्हणजे शोभेची किंवा रीतीची गोष्ट नव्हती. तो गेला की प्राण जाणार होते, आणि गेलेच. अटकेनंतर सामान काढून नेण्यात आले. एकटे वाचलेले ओटो फ्रँक यांनी १९६०मध्ये घर खुले होताना खोल्या तशाच रिकाम्या ठेवाव्यात अशी इच्छा धरली. कोणीही पाऊल टाकू नये हाच ज्या जागेचा एकमेव हेतू होता, तेथे आता एरवीच्या वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे येतात. ॲनची संमती होती काय? तिला आपली रोजनिशी प्रसिद्ध व्हावी असे वाटत होते, त्यासाठी तिने ती पुन्हा लिहावयासही घेतली होती. म्हणजे वाचणाऱ्याला तिने आत घेतले होते. पाहणाऱ्याविषयी ती काही बोललेली नाही. तिच्या खोलीत तिला स्वतःचे लिहिण्याचे टेबल एका प्रौढ सहवाशाशी वाटून घ्यावे लागे, आणि त्यावरून त्यांचे खटके उडत. आठ माणसांच्या त्या सामायिक आडोशात एका मुलीला तिच्यापुरता कोपरा नव्हता. हे सारे घर पाहून कळत नाही, वाचून कळते. घर पाहण्यास जाण्यापूर्वी वाचून जावे, ही माझी पाहणाऱ्याकडून एकुलती मागणी आहे, आणि ती अवाजवी नसावी. ओळख नसलेल्याकडे जाताना आपण निदान त्याचे नाव तरी विचारून घेतो.

दौलताबादला ज्यांच्यामागे शिपाई लावण्यात आला, त्यांनी त्याच दशकाच्या आरंभी मुंबईत, दादरच्या हिंदू कॉलनीत, ‘राजगृह’ बांधले होते. ग्रंथांना पुरेशी जागा असावी हा त्या बांधणीमागचा मोठा हेतू. आज तळमजल्यावरील खोल्यांत बाबासाहेबांच्या स्मृती जपल्या आहेत. वरच्या मजल्यांवर त्यांचे कुटुंबीय राहतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चैत्यभूमीवर लाखोंचा समुदाय येतो, आणि त्यातले पुष्कळजण राजगृहाकडेही वळतात. त्यात दुसऱ्याच्या अंगणातून हुसकावल्या गेलेल्यांची मुले-नातवंडे असतात, आणि या घरावर आपला हक्क आहे असे त्यांना वाटते ते खोटे नाही. जुलै २०२०मध्ये आवारात शिरून कोणी कुंड्या आणि काचा फोडल्या तेव्हा देशभर उसळलेला संताप त्या हक्काच्या भावनेतूनच आला होता. तरीही खाली स्मारक आणि वर संसार अशा या वास्तूत एक जिना आहे. तळमजला पाहून झाला की माणसे बाहेर पडतात, रस्त्यावर येऊन एकदा वरच्या खिडक्यांकडे पाहतात, चपला घालतात आणि दादर स्थानकाच्या दिशेने चालू लागतात.